पगारे काकांची फेल्टची भाकरी

पगारे काकांच्या पुढ्यात खायचा कुठलाही पदार्थ आला, की ते आधी तो मोजतात. चव नंतर. त्यांच्या वयाची माणसं शर्टाच्या खिशात चष्मा आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या ठेवतात, काका व्हर्नियर ठेवतात. व्हर्नियर म्हणजे ती स्टीलची मोजपट्टी, जिच्या जबड्यात वस्तू धरली की केसाएवढा फरकसुद्धा कळतो. शाळेच्या प्रयोगशाळेत तिच्यापायी आपण सगळ्यांनी बोलणी खाल्ली आणि परीक्षा संपल्यावर तिला विसरून गेलो. काका विसरले नाहीत. मागच्या हिवाळ्यात आम्ही बालवाडीतल्या तिघी शिक्षिका त्यांना घेऊन मिसळ खायला गेलो होतो. बशी समोर आली तशी काकांनी शेवेची एक कांडी उचलली, व्हर्नियरमध्ये धरली, मग दुसरी धरली आणि मान हलवली.

"दोन पॉइंट एक. ही दोन पॉइंट चार. एका चकतीतली नाय ही."

मग पिशवीतून लाल दोऱ्यांची जुडी काढून ते एकेक दोरा तर्रीच्या वाटीशी धरून रंग जुळवायला लागले. जुळलेल्या दोऱ्याचा नंबर वहीत लिहिला. गल्ल्यावरचा मालक लांबून हे सगळं पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग तेवढा उतरत होता. शेवटी तो हात जोडून आला. म्हणाला, "साहेब, तेल आम्ही रोजच्या रोज बदलतो हो." न मागता जास्तीचे पाव आले, दही आलं, पापड आला. काकांचं लक्षच नव्हतं, आम्ही तिघींनी दही संपवलं. सरकारी माणसाबरोबर जेवायला जाण्यात काय सुख असतं ते मला त्या दिवशी समजलं.

काका सरकारी माणूस होते, पण मिसळीशी त्या सरकारचा संबंध नव्हता. मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात ते पस्तीस वर्षं फिटर होते. आता नाशिकला जेल रोडवर, आमच्या बालवाडीच्या मागच्या गल्लीत राहतात. आणि ही मोजामोजी, दोरे, वही हा सगळा खटाटोप कशासाठी, तर फेल्टचं जेवण करण्यासाठी.

फेल्ट म्हणजे ते जाडसर, लोकरीसारखं कापड, कापलं तरी ज्याचे धागे सुटत नाहीत. हस्तकलेच्या दुकानात त्याचे रंगीत ताव मिळतात. ते कापायचे, आत कापूस भरायचा, कडेनं शिवायचं, की मुलांना खेळायला टोमॅटो तयार. ज्या मुलाला 'मोठा-लहान', 'अर्धा-पाव' हे शब्द फळ्यावरून कळत नाहीत, त्याच्या हातात लिंबाची फोड दिली की लगेच कळतात. आम्ही हे प्रशिक्षणात शिकलो. तिथे आम्हाला अर्ध्या तासात एक टोमॅटो करायला लावला होता. काकांना पहिला टोमॅटो करायला नऊ दिवस लागले.

ते आमच्याकडे आले ते एका बिजागरीमुळे. आमच्या वर्गाचं दार कुरकुरायचं. संस्थेकडे अर्ज केला होता, पण आमच्या संस्थेत एका अर्जाचं काय झालं हे विचारायला दुसरा अर्ज करावा लागतो. काका रस्त्यानं चालले होते. तो आवाज त्यांच्या कानाला सहन झाला नाही, आणि ते कुणाला न विचारता आत आले. दहा मिनिटांत दार गप्प झालं. जाता जाता त्यांची नजर आमच्या खेळण्यांच्या टोपलीवर पडली.

"मॅडम, हे काय हाय?"

"सफरचंद."

"आणि हे?"

"कलिंगड."

"सफरचंदापेक्षा कलिंगड बारकं?"

"खेळणी आहेत ती, काका."

"म्हणून तर म्हणतो! पोरगं पहिल्यांदा जे बघतं तेच खरं धरतं. हे पोरगं उद्या मोठं होऊन मशीनचं ड्रॉइंग कसं वाचणार?"

माझ्या वर्गातल्या मुलांना तेव्हा स्वतःच्या चपला वाचता येत नव्हत्या, डावी उजवीत आणि उजवी डावीत जात होती. पण काकांना भविष्याची काळजी लागली होती. दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन आले आणि म्हणाले, पूर्ण ताट मी करून देतो, पैसे नकोत. फुकट म्हटल्यावर आमची संस्था विषालाही नाही म्हणत नाही. आमचे संस्थाचालक भाऊसाहेब लगेच हो म्हणाले.

त्यानंतरचे सहा महिने आम्ही काकांच्या तपासणीखाली जगलो. मधल्या सुट्टीत डबा उघडला की व्हर्नियर हजर. माझ्या पोळीकडे पाहून ते म्हणाले, "मॅडम, ही गोल नाय. साडेतीन मिलिमीटरनं बाहेर गेलीय. टॉलरन्समध्ये बसत नाय." टॉलरन्स हा त्यांचा आवडता शब्द. म्हणजे चूक किती झाली तर चालवून घ्यायची, त्याचं माप. माझ्या सासूबाई बारा वर्षं माझ्या पोळ्या खात आहेत, पण मिलिमीटरपर्यंत जायचं धाडस त्यांनीही केलेलं नाही.

कांद्यासाठी तर हा माणूस लासलगावला गेला. नाशिकच्या बाजारात कांदे नाहीत का? आहेत, पण काकांच्या मते ते 'निवडलेले' होते, आणि त्यांना 'मूळ माल' पाहायचा होता. लिलावात ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर सरकत होते आणि काका प्रत्येक ढिगापाशी वाकून व्हर्नियर लावत होते. एका व्यापाऱ्यानं विचारलं, "काका, किती माल घ्यायचाय?" काका म्हणाले, "एक." व्यापाऱ्याला वाटलं एक ट्रॅक्टर. खरा प्रकार कळल्यावर त्यानं तो कांदा फुकट दिला आणि वर म्हणाला, "ऊन लय हाय काका, सावलीला बसा जरा."

पण झालेला कांदा पाहून मी गप्प बसले, आणि मी सहसा बसत नाही. फेल्टचे पाच पापुद्रे एकात एक बसवलेले, बाहेरचा गुलाबी, आत जाताना फिकट होत गेलेला, मधे हिरवा कोंब. मुलं एकेक पापुद्रा काढून मोजायची, पुन्हा चढवायची. आरोही नावाची एक चिमुरडी तो सोलताना खरोखर डोळे पुसायची. तिनं एकदा विचारलं, "काका, हे खरं खरं खायचं का खोटं खोटं?"

"खोटं खोटं," काका गंभीरपणे म्हणाले. "पण नीट चावून."

तेव्हापासून वर्गाचा तो नियमच झाला. वीस मुलं मांडी घालून बसायची आणि रिकामी तोंडं बत्तीस वेळा हलवायची. घरी खरी भाजी थुंकणारी मुलं आमच्याकडे फेल्टची गवार चावून चावून खायची. पालकसभेत एका आईनं मला विचारलं, तुमच्याकडे ती गवार विकत मिळेल का?

आता तुम्हाला वाटेल, सगळं छान चाललं होतं. तसं नव्हतं. काका एखादी वस्तू पूर्ण करायचे, आम्हाला लांबून दाखवायचे, आणि परत पिशवीत घालायचे.

"द्या की आता, काका."

"नाय मॅडम. इन्स्पेक्शन बाकी हाय."

"कोण करणार इन्स्पेक्शन?"

"इन्स्पेक्टर बसलाय ना घरी."

मग ती वस्तू घरी जायची आणि कधी चार दिवसांनी, कधी पंधरा दिवसांनी परत यायची. जिलेबी तर गेली ती गेलीच. विचारलं की म्हणायचे, "पास झाली, पण इन्स्पेक्टर सोडत नाय." आम्ही आपसांत ठरवून टाकलं, की पस्तीस वर्षं साहेबाच्या हाताखाली काढल्यावर माणसाला साहेबाशिवाय करमत नाही, म्हणून काकांनी घरी एक मनातला साहेब नेमलाय. मी त्यांची नक्कल फार चांगली करायचे. चहाच्या वेळी बिस्किटाला फूटपट्टी लावायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "इन्स्पेक्टर सोडत नाय." बाकीच्या दोघी चहा सांडेपर्यंत हसायच्या.

ताटात आता सगळं झालं होतं, फक्त भाकरी राहिली होती. आणि भाकरी काही केल्या पास होत नव्हती. चार चतकोर तुकड्यांची भाकरी करायची, तुकडे एकमेकांना जोडता-तोडता आले पाहिजेत, म्हणजे पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण हे मुलांना हातानं कळेल, असं ठरलं होतं. मी चिकटपट्टी सुचवली. काकांनी ती एकदा ओढून पाहिली. "भाकरी मोडताना असा करकर आवाज येतो का, मॅडम?" शेवटी टिचबटणं लावली. कडक भाकरी मोडताना टिच असा आवाज येतो, तेवढा त्यांना चालला. पण इन्स्पेक्टरला चालला नाही. एक भाकरी नापास झाली, दुसरी झाली, अशा दहा झाल्या. काका प्रत्येक वेळी म्हणायचे, "गोलाईत काय तरी कमी पडतंय," आणि अजून गोल भाकरी करायला बसायचे.

इकडे भाऊसाहेबांचा धीर सुटला. सोमवारी या ताटासाठी वर्गात केलेल्या खेळघराचं उद्घाटन ठरलं होतं, पाहुणे येणार होते. शुक्रवारी त्यांनी मला बोलावून मोबाइल दाखवला. त्यावर प्लॅस्टिकचा तयार संच होता, पिझ्झा, बर्गर, आइस्क्रीम, झाकणासकट. "सोमवारी पूर्ण ताट नसेल तर मी हा मागवतो. आणि त्या काकांना सांगा, आता पुरे. शाळेत बाहेरच्या माणसानं रोज येऊन बसणं बरं दिसत नाही." बिजागरी नीट करायला बाहेरचा माणूस चालला होता. पण ते मी मनातच म्हटलं, कारण माझाही पगार तेच देतात.

मी काकांना हे सांगितलं. त्यांनी व्हर्नियर खिशातून काढलं, पुसलं आणि परत ठेवलं. शनिवारी ते आले नाहीत. फोन वाजत राहिला. दुपारी शाळा सुटल्यावर मी तणतणत त्यांच्या घरी निघाले. ठरवून निघाले होते, की तो साहेब खरा असो की खोटा, त्याच्या समोरून भाकरी उचलायची आणि यायचं.

जिना चढले. दार उघडंच होतं आणि अर्थातच ते कुरकुरलं नाही. खिडकीशी एक पलंग होता, डोक्याकडून उचललेला, दवाखान्यात असतो तसा. त्यावर एक बाई टेकून बसल्या होत्या. पांढऱ्या केसांची घट्ट, सरळ वेणी, भांग पट्टीनं पाडल्यासारखा. नाकात नळी. मांडीवर आमची जिलेबी. पलंगाशेजारी स्टुलावर काका बसले होते आणि दोन्ही हातांत अकरावी भाकरी धरून, नव्यानं कामाला लागलेल्या पोरासारखे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. बाईंनी डाव्या हातानं भाकरी घेतली. अंगठ्यानं कड दाबली. थोडी फिरवली, पुन्हा दाबली.

"नाय," त्या म्हणाल्या.

काकांनी वळून मला पाहिलं. दचकले नाहीत. "बघा मॅडम. मी सांगत होतो ना, इन्स्पेक्टर लय कडक हाय."

त्या विमलकाकू. दोन वर्षांपूर्वी लकवा झाला, उजवी बाजू गेली. घास गिळता येत नाही, म्हणून जे पोटात जातं ते नळीनं, पातळ करून. बोलणंही गेलं. एकच शब्द राहिला, 'नाय'. "देवानं नेमका तोच ठेवला," काका म्हणाले. "पस्तीस वर्षं माझ्याशी बोलायला तिला जास्ती करून तोच लागायचा." काकूंच्या ओठांची डावी बाजू हलली. हसल्या असाव्यात. आवडलेली वस्तू त्या परत द्यायच्या नाहीत, उशीशी ठेवून घ्यायच्या, आणि काका त्यांची समजूत काढून, बदल्यात दुसरी देऊन ती आमच्यासाठी आणायचे. ते पंधरा पंधरा दिवस असे जायचे.

"काका, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाय."

त्यात टोमणा नव्हता. शेवेची जाडी सांगावी तसं त्यांनी सांगितलं. सहा महिने मी या माणसाकडून काम करून घेतलं, त्याच्याकडून पोळ्या मोजून घेतल्या, त्याची नक्कल करून टाळ्या घेतल्या, आणि घरी कोण असतं एवढं एक वाक्य मला विचारता आलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. ती लपवायला मी भाकरी हातात घेतली.

भाकरी अतिशय सुंदर होती. कंपासनं काढल्यासारखी गोल, आणि ती कंपासनंच काढली होती. सगळीकडे सारख्या जाडीची. भाकऱ्या मी कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणते, तरी चूक मलाही दिसली.

"काका, ही फार गोल आहे."

"म्हणजे? गोल नको?"

"भाकरी थापतात हो. हाताची असते. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. बोटं उमटतात तिच्यावर."

काकांनी वाकून माझ्या हातातली भाकरी कडेनं न्याहाळली. मग म्हणाले, "मी अख्खी कधी नीट पाहिलीच नाय, मॅडम. डब्यात बसावी म्हणून ही चार चतकोर करून द्यायची. कारखान्यात चतकोरच खाल्ला. घरी बसून खाल्ली ती पेपर वाचत खाल्ली. चतकोरावरून मी हिशेबानं गोल काढला."

आमचं बोलणं काकू ऐकत होत्या. त्यांनी माझ्या हातातून भाकरी काढून घेतली, मांडीवर ठेवली आणि डाव्या हातानं थापायला लागल्या. थप, थप, मग हाताच्या कडेनं जराशी फिरवायची, पुन्हा थप. उजवा हात शेजारी तसाच पडून होता. फेल्टच्या त्या नापास भाकरीवर काही उमटत नव्हतं, पण हात थांबत नव्हता.

काकांनी उठून शिंप्याचा खडू आणला. काकूंचा पंजा भाकरीवर हलकेच दाबून धरला आणि प्रत्येक बोटाभोवती रेघ ओढली. काकूंनी हात हलवला नाही. रेघ पूर्ण झाल्यावर काका माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज कारखान्यातलाच होता.

"ड्रॉइंग मिळालं. डावा पंजा हाय, आरशातला काढून उजवा करावा लागंल. तुम्ही जावा मॅडम, सोमवारी आणतो."

सोमवारी फीत बांधली गेली, पाहुणे आले, नारळ आला. भाऊसाहेब एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात पिझ्झावाला मोबाइल घेऊन उभे होते. काका अगदी शेवटी आले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, हातात रुमालानं झाकलेलं ताट. रुमाल काढला आणि वीस मुलं एकदम ताटावर पडली. भाकरी वेडीवाकडी होती, एका कडेला जाड, आणि तिच्यावर धावदोऱ्यानं शिवून बोटांचे खळगे केले होते. आरोहीनं एका खळग्यात आपलं बोट घातलं. मग प्रत्येकाला घालायचं होतं.

"पण एक तुकडा कुठे आहे?" भाऊसाहेबांची नजर तेवढ्यापुरती तीक्ष्ण असते. भाकरीचे तीनच चतकोर होते. "ताट अपूर्ण आहे. मी म्हटलं होतं, पूर्ण पाहिजे."

काकांनी मान खाली घातली. त्यांना खोटं बोलता येत नाही, खोटं बोलणं टॉलरन्समध्ये बसत नाही. मला येतं.

"मुद्दामच तीन ठेवलेत, भाऊसाहेब," मी म्हणाले. "या आठवड्यात मुलांना 'पाऊण' शिकवायचं आहे. आणि काकांशिवाय ते शिकवता येणार नाही, त्यांना रोज यावं लागेल."

"असं होय!" भाऊसाहेब पाहुण्यांकडे वळले. "आमचा पहिल्यापासून आग्रहच आहे, कृतीतून शिक्षण." त्यांनी पाऊण भाकरीबरोबर फोटो काढून घेतला. पिझ्झा मोबाइलमध्येच राहिला.

सगळे गेल्यावर मुलं ताटाभोवती बसून खोटं खोटं जेवत होती. काका दाराशी उभे होते. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "चौथा नापास झाला का?"

"नाय नाय. पूर्ण भाकरी पास झाली. सकाळी इन्स्पेक्शनला दिली, तर तिनं हात फिरवला, बोटं खळग्यांत घालून पाहिली. म्हटलं आता उशीशी ठेवून घेती का काय. तर तिनं एका हातानं टिच करून चतकोर मोडला आणि माझ्या तोंडापाशी धरला." ते थांबले. बिजागरीवरून उगाच बोट फिरवलं. "आणि म्हणाली, 'खा'."

"म्हणाल्या?"

"म्हणाली. दोन वर्षांनी दुसरा शब्द. वाढलेलं परत कसं मागायचं, मॅडम? तुम्हाला दुसरा करून देतो."

अवघड वेळ आली की मी थट्टा करते.

"खाल्लात मग?"

"खाल्ला की. नीट चावून."

"आणि जाडी? टॉलरन्समध्ये होती का?"

काकांचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि व्हर्नियरवर तसाच राहिला.

"मोजला नाय, मॅडम," ते म्हणाले. "आधी खाल्ला."